खटका

राजगडाच्या पद्मावती माचीवर, जुलैच्या पावसात, मी ताडपत्रीला भोक पाडत होतो. कोपऱ्यातली कडी फाटून गेली होती आणि दोरी ओवायला दुसरं भोक हवं होतं. खिशात घडीचा चाकू होता, ट्रेकच्या सामानात दोन-अडीचशे रुपयांना मिळतो तसला. टोक ताडपत्रीवर ठेवून जोर दिला. टोक आत गेलं, अडकलं, माझी मूठ किंचित खाली झुकली आणि पातं मिटलं. मिटताना वाटेत माझी तर्जनी होती.

जखम खोल होती. मित्राने मफलर गुंडाळला आणि चोरदरवाजाच्या वाटेने, रेलिंग एकाच हाताने धरत, आम्ही गुंजवण्याला उतरलो. चार टाके पडले. पुढचे दोन आठवडे कीबोर्डवर नऊ बोटांनी कोड लिहिला. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "चाकू बंद कसा काय झाला?" मला उत्तर देता आलं नाही. घडीचा चाकू बंद होतो, त्यासाठीच तर तो घडीचा असतो, एवढंच तेव्हा माझं ज्ञान होतं.

नवा चाकू घ्यायचा म्हणून शोधायला बसलो. आमच्या पिढीच्या सवयीप्रमाणे एक तक्ता केला: पात्याची लांबी, पोलाद, वजन, किंमत. शेवटचा रकाना होता, 'पातं उघडं राहण्याची सोय'. बाकीचे रकाने तासाभरात भरून झाले. या शेवटच्या रकान्याने मात्र मला अडीच हजार वर्षं मागे नेलं. घडीच्या चाकूचा सगळा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नावर चाललेला वाद आहे. उघडलेलं पातं उघडंच राहावं का? आणि राहावं तर कोणाच्या भरवशावर?

मराठीत त्या सोयीला नेमका शब्द आहे: खटका. याच शब्दाचा दुसरा अर्थ भांडण. या लेखात दोन्ही अर्थ कामाला येतील.

घर्षणाच्या भरवशावर

'सुरी' हा शब्द संस्कृत क्षुरिकेवरून आला. 'चाकू' आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचं कूळ तुर्की भाषांकडे जातं. तुर्कीत आजही 'चाकी' म्हणजे खिशातला, मिटणारा चाकू. आपण पुढे स्वयंपाकघरातल्या न मिटणाऱ्या पात्यालाही चाकूच म्हणू लागलो, ती गोष्ट वेगळी.

वस्तू मात्र शब्दाहून पुष्कळ जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे, जिच्यावरून युरोपातल्या लोहयुगाच्या एका आख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं त्या जागी, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला. त्याचा काळ इ. स. पू. ६०० ते ५०० च्या आसपासचा. रोमन काळात हा प्रकार सर्रास झाला. रोमन ब्रिटनमध्ये सापडलेल्या काही मुठींवर सशामागे धावणारा शिकारी कुत्रा कोरलेला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक चांदीचं अवजार आहे. त्यात काटा, चमचा, टोचणी आणि लोखंडी पातं हे सगळं एकाच मुठीत घडी होतं. लोखंड गंजून गेलंय, चांदी शाबूत आहे. ते पाहिलं की स्विस चाकू ही आधुनिक कल्पना आहे हा समज गळून पडतो.

या सगळ्या चाकूंची यंत्रणा एकच होती: मुठीला खाच, पात्याला भोक, दोन्हींतून आरपार एक रिवेट. पातं उघडं राहायचं ते फक्त घर्षणाने. रिवेट घट्ट ठोकलेली असेल तर उघडायला त्रास, सैल असेल तर बोटाला धोका. पुढे कारागिरांनी पात्याच्या मागच्या टोकाला छोटी शेपटी ठेवायला सुरुवात केली. पातं उघडलं की शेपटी मुठीच्या पाठीवर येते आणि मूठ धरणारा हातच तिला दाबून धरतो. म्हणजे कुलूप म्हणून वापरणाऱ्याचा अंगठा. ही युक्ती इतकी साधी आहे की आजही टिकून आहे. तिच्याकडे आपण जपानात पुन्हा येऊ.

शेफिल्डची कमान

इंग्लंडमधलं शेफिल्ड चाकू-सुऱ्यांसाठी चौदाव्या शतकातच ओळखलं जायचं. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला एक गिरणीवाला पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून हिंडतो. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिथे कारागिरांचा अधिकृत संघ स्थापन झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या घडीच्या चाकूंच्या पाठीत एक नवी गोष्ट दिसू लागली: पोलादाची लांबट पट्टी, कमान.

ती काम कशी करते ते सांगतो, कारण माझ्या बोटाचा निकाल तिनेच लावला. कमान मुठीच्या पाठीशी बसवलेली असते आणि तिचं एक टोक पात्याच्या मुळावर दाबून असतं. त्या मुळाला सपाट बाजू घासलेल्या असतात. पातं पूर्ण उघडलं की कमान एका सपाट बाजूवर बसते, पूर्ण मिटलं की दुसऱ्या. अधल्यामधल्या स्थितीत मुळाचा कोपरा कमानीला वर उचलतो, म्हणून पातं हलवायला जोर लागतो आणि शेवटी ते 'टक्' करून जागेवर बसतं. तो आवाज ऐकून वाटतं की कुलूप लागलं. ते कुलूप नसतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली बोळा सारावा, तेवढाच तो अडसर असतो.

हिशोब सोपा आहे. कमान पात्याला धरते ती रिवेटपासून काही मिलिमीटरवर. मी टोकावर जोर देतो तो रिवेटपासून सात सेंटिमीटरवर. तरफेचा नियम शाळेतला. टोक कशात अडकलं आणि मूठ धारेच्या बाजूला झुकली, तर कमानीच्या बाजूने कोणीही पैज लावू नये.

मग ही रचना तीनशे वर्षं टिकली कशी? कारण ज्या कामासाठी ती होती त्यात असा उलटा जोर येतच नव्हता. इंग्रजीत लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, म्हणजे लेखणीचा चाकू. पिसाची लेखणी दिवसातून अनेकदा तासावी लागे. फारसीत याच कामाच्या चाकूला 'कलमतराश' म्हणत आणि आपल्याकडचे कारकून बोरू तासत ते अशाच लहान पात्याने. तासताना धार पुढे जाते, जोर धारेवर येतो आणि पातं आणखी उघडायला बघतं, मिटायला नाही. फळ कापणं, दोरी कापणं, काठी सोलणं ही सगळी कामं त्याच जातीची. टोचायचं काम निघालं की मात्र कमानीचा चाकू ज्यासाठी घडवलाच नव्हता ते त्याच्याकडे मागितलं जातं. मी ताडपत्रीवर तेच मागितलं होतं.

एकोणिसाव्या शतकात शेफिल्डने या कमानीवर कळस चढवला. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू तयार केला आणि पुढे दर वर्षी त्यात एक पातं वाढवत नेलं. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी त्याच पेढीने ७५ पात्यांचा 'नॉरफोक' चाकू बनवला. यातला एकही खिशात घालायचा नव्हता. पण घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, अशा एकेका खोलीत राबणाऱ्या, फुफ्फुसात दगडाची धूळ घेऊन लवकर मरणाऱ्या कारागिरांच्या हातात काय होतं, ते या चाकूंवरून कळतं. शिवाय त्यांच्यामुळेच साधा चाकू सामान्य माणसाच्या ऐपतीत आला. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला (१८७६) बायबलचे श्लोक पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंटचा बार्लो चाकू बक्षीस मिळतो आणि तो आनंदाने वेडा होतो. लहान मुलाला चाकू बक्षीस द्यावा यात तेव्हा कोणालाच काही गैर वाटत नव्हतं.

शिपायाच्या खिशात

१८८० च्या दशकाच्या शेवटी स्विस सैन्याने नवी रायफल स्वीकारली. ती उघडून साफ करायला पेचकस लागे. शिपायांना डबाबंद अन्नही मिळू लागलं होतं आणि डबे उघडायला काहीतरी हवं होतं. म्हणून ठरलं की प्रत्येक शिपायाला एकच अवजार द्यायचं: पातं, टोचा, डबा-उघडणी आणि पेचकस. हा चाकू 'मॉडेल १८९०' म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी की पहिले स्विस सैनिकी चाकू स्वित्झर्लंडमध्ये बनलेच नाहीत. एवढी मोठी मागणी पुरवायची ताकद देशातल्या कारागिरांत नव्हती, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. श्वित्स प्रांतातल्या ईबाख गावी १८८४ पासून कारखाना चालवणाऱ्या कार्ल एल्सनरला हे लागलं. त्याने देशातल्या चाकू कारागिरांचा संघ उभा केला आणि १८९१ मध्ये चाकू पुरवायला सुरुवात केली. पण झोलिंगेनचा माल स्वस्त होता. एकेक करून साथीदार बाहेर पडले आणि एल्सनर दिवाळखोरीच्या काठावर पोचला.

त्याला तारलं ते दुसऱ्या चाकूने. शिपायाचा चाकू जड आहे म्हणून त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू आखला. त्यातली खरी कल्पना म्हणजे एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची अवजारं टेकवणं. पाठीची पट्टी पुढून पात्याला आणि मागून बुचाच्या मळसूत्राला दाब देते. पट्ट्या कमी, अवजारं जास्त, वजन आटोक्यात. १२ जून १८९७ रोजी या रचनेची नोंदणी झाली. सैन्याने हा चाकू कधीच अधिकृतपणे वाटला नाही, अधिकारी तो पदरच्या पैशाने घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचं जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते त्याला 'स्विस आर्मी नाइफ' म्हणू लागले. एल्सनरची आई व्हिक्टोरिया १९०९ मध्ये वारली तेव्हा त्याने तिचं नाव मालाला दिलं, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादासाठीचा फ्रेंच शब्द 'इनॉक्स' त्याला जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध सैनिकी चाकूच्या पात्याला कुलूप नव्हतं. १८९० चं मॉडेल बिनकुलपाचं आणि १९६१ चंसुद्धा. शंभर वर्षांहून अधिक काळ स्विस शिपाई शेफिल्डच्या कमानीवर विसंबून होता. कुलूप आलं थेट २००८ च्या मॉडेलमध्ये. हे साल लक्षात ठेवा.

फिरती कडी आणि तीन अमेरिकन

स्वित्झर्लंडपासून फार लांब नाही, आल्प्सच्या फ्रेंच बाजूला, सव्वा प्रांतातल्या आल्बिये गावच्या लोहाराघरी जोसेफ ओपिनेल नावाचा मुलगा होता. वडील कुऱ्हाडी, कोयते बनवत. १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने शेतकऱ्यांसाठी एक चाकू आखला: बीच लाकडाची गोल मूठ, तीत करवतीने पाडलेली खाच, कार्बन पोलादाचं पातं, रिवेटभोवती धातूचं कडं. कमान नाही, खटका नाही. रोमन लोकांना ओळखू आला असता असा. १८९७ पर्यंत त्याचे एक ते बारा क्रमांकांचे आकार झाले.

मूठ लाकडाची असल्यामुळे पावसात फुगते आणि पातं अडकून बसतं. सव्वातले लोक मग मुठीचा मागचा कोपरा टेबलावर ठोकतात, पातं थोडं बाहेर येतं. कोरड्या हवेत उलट, पातं सैल. म्हणजे बोटाची सुरक्षितता हवामानावर अवलंबून. याचं उत्तर जोसेफच्या मुलाने, मार्सेलने, १९५५ मध्ये शोधलं. रिवेटभोवतीच्या कड्यावर आणखी एक कडी बसवली, तिला एका जागी फट. पातं उघडल्यावर कडी अंगठ्याने थोडी फिरवायची. फट बाजूला सरकते आणि कडीची भरीव बाजू पात्याच्या आड येते. आता पात्याला मिटायचं असेल तर कडी तोडून मिटावं लागेल. पुढे २००० साली सुधारणा होऊन हीच कडी मिटलेल्या पात्यालाही कुलूप घालू लागली.

या कडीत एक गोष्ट मला फार आवडते. ती आपोआप लागत नाही. तिला वेळ लागतो, दुसरा हात लागतो आणि आठवण ठेवावी लागते. सॉफ्टवेअरवाल्याला आधी हा दोष वाटतो. तो गुण आहे हे कळायला मला पुढचा इतिहास वाचावा लागला.

तो अमेरिकेत घडला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बक कंपनीने शिकाऱ्यांसाठी '११०' हा चाकू काढला. पाठीतल्या पट्टीला दात आणि पात्याच्या मुळाला खाच. उघडलं की दात खाचेत पडतो आणि पट्टीचं मागचं टोक दाबेपर्यंत सुटत नाही. कल्पना नवी नव्हती, पण हे कुलूप घरोघरी पोचलं ते या चाकूमुळे. १९८१ मध्ये कोलोराडोच्या सॅल ग्लेसरने स्पायडरकोचा पहिला चाकू आणला. त्यात दोन गोष्टी होत्या: खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप आणि पात्याला एक गोल भोक. भोकात अंगठा टेकवून पातं एकाच हाताने उघडायचं. त्याच सुमारास मायकेल वॉकरने मुठीच्या आतल्या पातळ पत्र्यालाच स्प्रिंग बनवलं, पातं उघडलं की पत्रा आपोआप त्याच्या मुळामागे सरकतो. ही पट्टी विजेच्या तारा ओढणाऱ्यांच्या जुन्या चाकूंत होती, वॉकरने ती नेमकी आणि भरवशाची केली. आज बाजारातले बहुतेक चाकू या तिघांपैकी कोणाचे तरी देणेकरी आहेत.

एक हात गुंतलेला असताना दुसऱ्या हाताने उघडता येईल आणि बोटावर मिटणार नाही असा चाकू दोरावर लोंबकळणाऱ्या गिर्यारोहकाला, होडीवरच्या माणसाला, अपघातात सीटबेल्ट कापणाऱ्याला हवाच असतो. पण १९८१ मध्ये दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली गेली. पातं *उघडं राहणं* ही एक गोष्ट, ते *पटकन उघडणं* ही दुसरी. पहिलीचा संबंध वापरणाऱ्याच्या बोटाशी आहे. दुसरीचा संबंध समोरच्या माणसाशीही आहे.

आवाजाची भीती

समोरच्या माणसाची बाजू आता घ्यायला हवी, कारण तीही तितकीच खरी आहे.

कुलपाचा चाकू अवजार म्हणून रुळण्याआधी बदनाम झाला. स्पेनमध्ये 'नवाखा' नावाचा लांब घडीचा चाकू होता. त्याच्या दातेरी खटक्याचा उघडतानाचा करकर आवाज हाच धमकीचा एक भाग. आपल्याकडे ती जागा रामपुरीची. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ही कारागिरी देशभर पोचली ती हिंदी सिनेमामुळे. 'वक्त'मधला (१९६५) राजकुमार आणि त्याच्या समोरचा चाकू आठवत नाही असा त्या पिढीचा प्रेक्षक विरळा. आमच्या घरातही 'खटक्याचा चाकू' हा शब्द भाजीच्या संदर्भात कधी आला नाही, गुंडांच्या संदर्भातच आला. सरकारी बंधनं आणि स्वस्त माल यांत रामपूरचे कारागीर कमी होत गेले. २०२३ मध्ये त्याच शहरात एका चौकात वीस फूट लांबीचा रामपुरी चाकू दिमाखात उभा केला गेला. ज्या कारागिरीला आपण जगू दिलं नाही तिचं स्मारक बांधायची ही जुनी रीत.

अमेरिकेत १९५० च्या दशकात बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूची दहशत पसरली. वर्तमानपत्रं, टोळ्यांच्या कहाण्या, जेम्स डीनचा सिनेमा. १९५८ मध्ये त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर केंद्रीय कायद्याने बंदी आली. १९५९ मध्ये ब्रिटननेही तसाच कायदा केला. इथवर कायदा *पटकन उघडण्याला* भीत होता.

१९८८ च्या ब्रिटिश कायद्याने सार्वजनिक जागी पातं बाळगायला मनाई केली आणि एक सूट ठेवली: तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा खिशातला चाकू. मग न्यायालयापुढे प्रश्न आला की कुलूप असलेला चाकू 'घडीचा' म्हणायचा का? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरिस खटल्यात उत्तर मिळालं: नाही. घडीचा चाकू म्हणजे जो कधीही, नुसता मिटवून मिटतो तो. मिटवण्याआधी बटण किंवा पट्टी दाबावी लागत असेल, तर उघड्या स्थितीत तो अखंड पात्यासारखाच आहे. योग्य कारण दाखवता आलं तर बाळगता येतो, पण कारण दाखवायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर.

कायद्याचा तर्क कळतो. खुपसताना पातं उलटं मिटलं तर हल्लेखोराचंच बोट जातं, म्हणून बिनकुलपाचा चाकू वाईट शस्त्र ठरतो. पण ताडपत्रीत टोक खुपसणं आणि माणसात खुपसणं यांतला फरक यंत्रणेला कळत नाही. माझं बोट वाचवणारा खटका तोच, जो हल्लेखोराचं बोट वाचवतो. शंभर वर्षं कारागिरांनी जो दोष काढून टाकायला धडपड केली, तोच दोष कायद्याने सुरक्षिततेची व्याख्या म्हणून स्वीकारला.

आता २००८. त्या वर्षीच्या स्विस सैनिकी चाकूला मोठं पातं मिळालं, एका हाताने उघडणारं आणि कुलूप लागणारं. शिपायाची बोटं सुरक्षित झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून शेजारच्या जर्मनीत सुधारित शस्त्र कायदा लागू झाला. त्याने नेमक्या याच जातीचे चाकू, एका हाताने उघडणारे आणि कुलूप असलेले, सबळ कारणाशिवाय बाळगण्यावर बंदी घातली. सरहद्दीच्या एका बाजूला सरकार जे शिपायाच्या हातात देत होतं ते दुसऱ्या बाजूला नागरिकाच्या खिशातून काढून घेत होतं. निदान जर्मन कायद्याने ती १९८१ ची गाठ ओळखली होती. दोन्ही गुण एकत्र असतील तरच बंदी, नुसतं कुलूप चालेल.

विमानांत हीच कथा आणखी टोकाला गेली. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकन विमानांत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू नेता येई. त्या दिवसानंतर स्विस चाकू विमानतळांच्या दुकानांतून एका रात्रीत गेले आणि व्हिक्टोरिनॉक्सची विक्री कोसळली. २०१३ मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने लहान चाकूंना पुन्हा परवानगी देण्याचा बेत जाहीर केला. अट काय? पातं सहा सेंटिमीटरपर्यंतचं आणि कुलूप नसलेलं. हवाई कर्मचाऱ्यांनी प्रखर विरोध केला आणि तीन महिन्यांत बेत मागे घेतला गेला. ज्यांना बंद नळकांडीत अनोळखी माणसांसमोर उभं राहून काम करायचं असतं, त्यांना कमान आणि कडी यांतला फरक समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

पेन्सिलीचं टोक

जपानची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिने माझ्या सगळ्या तर्काला सुरुंग लावला.

ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात १८९० च्या दशकापासून 'हिगोनोकामी' नावाचा चाकू बनतो. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, मागे छोटी शेपटी. कमान नाही, कुलूप नाही, कुलूप म्हणजे धरणाऱ्याचा अंगठा. सुरुवातीला सांगितलेली जुनी युक्ती. काही दशकं हा चाकू जपानी शाळकरी मुलांच्या खिशात असायचा. पेन्सिलीला टोक करायचं, बांबूची खेळणी बनवायची, बोट कापलं तर चोखायचं आणि पुन्हा बसायचं.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची हत्या झाली. मारेकरी सतरा वर्षांचा होता. त्याच्या हातात आखूड तलवार होती, हिगोनोकामी नव्हे. पण देश हादरला आणि मुलांच्या हाती पातं देऊ नये अशी मोहीम उभी राहिली. शाळांतून चाकू गेले, त्यांच्या जागी टोकयंत्रं आली. मिकीतले कारखाने एकेक बंद पडले. आज ते नाव अधिकृतपणे लावणारी एकच पेढी उरली आहे.

माझा तक्ता इथे निरुपयोगी ठरतो. हिगोनोकामीला कुलूप नव्हतं, तो पटकन उघडत नव्हता, आणि गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी तो गेला. म्हणजे समाज चाकूतल्या यंत्रणेला भीत नाही. तो चाकू धरणाऱ्या हाताला भीतो आणि हाताचं काही करता येत नाही म्हणून यंत्रणेवर कलमं लिहितो. पण भीती खोटीही नाही. असानुमांच्या घरच्यांना किंवा विमानातल्या कर्मचाऱ्यांना ती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

जे गेलं त्याची मोजदाद मात्र व्हायला हवी. चाकू वापरणाऱ्या मुलाला जोर कुठून कुठे जातो हे हाताने कळतं. मी पेन्सिलला शार्पनरने टोक केलेल्या पिढीतला. तरफेचे प्रश्न मी अभियांत्रिकीच्या परीक्षेत बिनचूक सोडवले आणि तीच तरफ राजगडावर माझ्या हातात होती तेव्हा मला ती ओळखता आली नाही. टॉम सॉयरला आली असती.

शेवटचा रकाना

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची चिंता करतात आणि घरगुती, शेतीची अवजारं त्यांतून वगळतात. त्यांत खटक्याचा उल्लेख नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की तलवारी-भाल्यांच्या यादीत चाकू येतो, आणि काठीसुद्धा येते. सणांच्या, निवडणुकांच्या दिवसांत तो अनेकदा निघतो. तेव्हा पुण्याहून गडावर जाताना चाकू खिशात न ठेवता सॅकच्या तळाशी, शिधाच्या पिशवीत ठेवायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

मी घेतला तो ओपिनेलचा आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. याहून चांगलं पोलाद मिळतं, याहून मजबूत खटका मिळतो. पण याला उघडायला दोन हात आणि कुलूप लावायला वेगळी कृती लागते. तो कोणालाही दचकवत नाही, आणि कडी फिरवली की माझ्या बोटावर मिटत नाही. उघडं राहणं आणि पटकन उघडणं यांची गाठ बांधण्याआधीची ही रचना आहे. ब्रिटिश न्यायालयाला हा फरक मान्य नाही. माझ्या तर्जनीला आहे.

गेल्या महिन्यात तो चुकून ऑफिसच्या सॅकमध्ये राहिला आणि दारातल्या तपासणीत सापडला. सुरक्षारक्षक काका माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्यांनी तो हातात घेतला, उघडला, न सांगता कडी फिरवली, पात्यावर अंगठा आडवा फिरवून धार पाहिली.

"गावाकडं असाच होता आमच्याकडं. कडी नव्हती एवढंच," ते म्हणाले. मग चाकू मिटवून टेबलाच्या खणात टाकला आणि माझ्याकडे वही सरकवली. "संध्याकाळी जाताना घेऊन जा. आत नाही सोडता येणार."

मी वहीत सही केली. नोंदीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'चाकू, घडीचा, १'.